शिडीवाले, एकूण दहा

आडनाव कोश कार्यालयाचं पत्र आलं तेव्हा हेडक्लार्क दाढी करत होते. एका गालावर साबण आणि दुसरा गाल साफ अशा अवस्थेत त्यांनी पाकीट फोडलं, पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि उरलेली दाढी तशीच ठेवून ते स्वयंपाकघरात आले.

"आपण लुप्त झालोय," ते म्हणाले.

बायको भांडी लावत होती. "आधी तोंड धुवा," ती म्हणाली.

पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त होऊन त्यांना चार वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना हेडक्लार्कच म्हणत. आडनाव शिडीवाले. कोश कार्यालयाने नव्या आवृत्तीसाठी लोकांकडून माहिती मागवली होती: आडनाव कसं पडलं, त्याचा इतिहास काय आणि आज ते किती माणसं लावतात. कोणी एक पान पाठवलं, कोणी अर्धं. हेडक्लार्कांनी बेचाळीस पानं पाठवली, समास सोडून, सोबत दोन रंगांतला आलेख जोडून. आलेखातली रेघ गेल्या शंभर वर्षांत शिडीवाल्यांची संख्या कशी उतरत गेली ते दाखवत होती. ती रेघ आपल्याच गळ्याशी येईल हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पत्रात लिहिलं होतं की, लेख मिळाला, आभारी आहोत. तथापि नियम क्रमांक सातनुसार किमान दहा सज्ञान माणसं हयात असलेल्या आडनावाचीच नोंद मुख्य कोशात घेतली जाते. दहा जणांचे सह्यांचे नमुने पंधरा दिवसांत न आल्यास आपले आडनाव परिशिष्ट ग, 'लुप्त व लुप्तप्राय आडनावे', यात टाकण्यात येईल.

"परिशिष्ट ग म्हणजे काय माहीत आहे का तुला?" हेडक्लार्क साबणासकट ओरडले. "ज्यांचे धंदेही गेले आणि माणसंही गेली, त्यांची अडगळीची खोली! आणि लेखासाठी जागा किती? एक ओळ!"

"मग मोजा की माणसं."

हेडक्लार्कांनी पाठकोरा कागद ओढला. स्वतः, एक. बायको, दोन. मुलगा, तीन. आत्या, चार. आत्या शहाऐंशी वर्षांची होती आणि तिने लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आडनाव जन्मापासून जसंच्या तसं शाबूत होतं. तिच्याबद्दल त्यांना आज पहिल्यांदाच आदर वाटला. चुलतभाऊ, त्याची बायको, त्याचे दोन कमावते मुलगे. आठ. पेन थांबलं.

"नववा नि दहावी इथंच राहतात," बायको म्हणाली. "चष्म्याच्या दुकानामागे."

"त्याचं नाव काढू नकोस."

"नाव कुठे काढलं? आकडा सांगितला."

चष्म्याच्या दुकानाचा मालक म्हणजे हेडक्लार्कांचा सख्खा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी मुलाच्या लग्नात हेडक्लार्कांनी जेवणाआधी माइक हातात घेतला होता आणि सुनेच्या माहेरच्या दोनशे भुकेल्या माणसांना घराण्याचा इतिहास ऐकवला होता. शहरात घड्याळाचा मनोरा बांधायला घेतला, तेव्हा एकसष्ट पायऱ्यांची शिडी करायला कोणी धजेना. ती आपल्या मूळ पुरुषाने केली आणि तेव्हापासून आडनाव पडलं शिडीवाले. लोकांनी जेवण जवळ यावं म्हणून टाळ्या वाजवल्या. मग धाकट्याने माइक मागितला. हेडक्लार्कांना वाटलं, अनुमोदन देतोय.

"दादाचं सगळं खरं आहे," धाकटा म्हणाला. "फक्त आमच्या मूळ पुरुषाने शिडी केली नव्हती, धरली होती. वर चढून काम करणारे वेगळे. आमचा खाली उभा राहून शिडी धरायचा, पगारी. पुरावा हवा असेल तर आमच्यातल्या कोणालाही स्टुलावर उभं करून बघा."

हॉल हसून हसून बेजार झाला. सुनेच्या मामाला ठसका लागला. वाईट म्हणजे पुराव्याचा भाग खरा होता. शिडीवाल्यांना उंचीचं वावडं होतं. स्टुलाच्या पहिल्या पायरीवर त्यांचे कान गरम होत आणि दुसऱ्या पायरीवर देव आठवे. घरातले बल्ब पूर्वी शेजारचा वायरमन बदलायचा आणि लग्नानंतर सून बदलू लागली. पण म्हणून ते दोनशे माणसांत सांगायचं? त्या दिवसापासून भाऊ भावाशी बोलला नव्हता. पाच वर्षांपूर्वी मुलीच्या लग्नाला धाकटा आला, जेवला, सुपारीएवढाही शब्द न बोलता गेला.

तेव्हा धाकट्याच्या दारात जाण्यापेक्षा दुसरी दोन माणसं शोधायची, असं हेडक्लार्कांनी ठरवलं आणि संध्याकाळी सुनेला गाठलं. सून माहेरचंच आडनाव लावायची, लोहारे.

"तू आमचं आडनाव लाव," ते म्हणाले. "फक्त पंधरा दिवस."

"बाबा, पासपोर्ट, लायसन्स, पदवी, बँक, सगळं बदलायचं आणि पंधरा दिवसांनी परत उलटं करायचं?"

"कोशासाठी गं."

"कोशात आम्ही सव्वादोन पानं आहोत," सून म्हणाली. "आणि मी तुमच्याकडे आले तर तिकडे एक कमी होईल, त्याचं काय?"

"तुमच्यात कसलं कमी होतंय? रस्त्यावर कोणालाही हाक मारली तरी चार लोहारे वळून बघतात."

"ते असंच राहावं म्हणून तर सांभाळून राहतो आम्ही," सून म्हणाली आणि फोन घ्यायला गेली.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कांना शहराच्या दुसऱ्या टोकाला एक पाटी असल्याचं कळलं: 'शिडीवाले'. दोन बस बदलून ते तिथे पोचले. रंगाऱ्यांना शिड्या भाड्याने देणारं दुकान होतं. मालकाचं आडनाव भलतंच निघालं. हेडक्लार्कांनी त्याला अर्धा तास समजावलं की लोक नाहीतरी तुम्हाला शिडीवालेच म्हणतात, मग कागदावर घ्यायला काय हरकत आहे. मालकाने शांतपणे ऐकून घेतलं.

"आडनाव नको," तो शेवटी म्हणाला. "पण तुम्हाला शिडी हवी असेल तर कमी दरात देतो."

राहिली मुलगी. लग्नानंतर तिने सासरचं आडनाव घेतलं होतं, पण मुळात ती शिडीवालेच होती. तेव्हा तिला परत आणणं म्हणजे काही नवीन करणं नव्हे, असा हेडक्लार्कांचा हिशेब होता. एक जण तरी वाढला असता. नोंदणी कार्यालयात 'माहेरचे आडनाव पुन्हा धारण करण्याबाबतचा अर्ज' मिळत होता. त्यांनी तो आणला आणि मुलीला त्रास नको म्हणून स्वतःच भरला.

इथेच चौतीस वर्षांची नोकरी त्यांना नडली. एक रकाना रिकामा म्हणून हेडक्लार्कांनी आयुष्यात हजारो अर्ज परत पाठवले होते. त्यामुळे अर्जात 'कारण: (अ) घटस्फोट (ब) इतर' असं दिसलं तेव्हा त्यांनी 'ब'वर खूण केली. त्यापुढे 'इतर असल्यास तपशील द्यावा' असं होतं. तो रकाना मोकळा सोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं: 'कौटुंबिक. गंभीर. तातडीचे.' आणि सोबत चिठ्ठी जोडली: 'बाळ, सही करून लगेच पाठव. सासरी इतक्यात काही बोलू नकोस. त्यांना मी सावकाश समजावीन.'

फोन करण्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण फोनची पोच मिळत नाही. त्यांनी अर्ज रजिस्टरने पाठवला. दोन दिवसांनी सही केलेली पोच आली. ती त्यांनी समाधानाने फाइलला लावली. सही कोणाची आहे ते बघण्याचं कारण त्यांना वाटलं नाही.

सही विहीणबाईंची होती.

शुक्रवारी पाच वाजता बेल वाजली. दारात विहीणबाई उभ्या होत्या, डोळे सुजलेले, हातात पाकीट. त्यांच्या मागे जावई होता. त्याला ऑफिसातून ओढून आणल्याचं दिसत होतं, कारण गळ्यात अजून ओळखपत्र लटकत होतं.

"काय कमी केलं मी तिला?" विहीणबाई आत येता येता म्हणाल्या. "पाच वर्षांत एकदाही उलटा शब्द बोलले नाही!"

"दोनदा बोललीस, आई."

"तू गप्प बस. तुझंच लग्न मोडतंय!"

हेडक्लार्क गोंधळले. "लग्न मोडतंय असं कोण म्हणालं?"

"तुमच्या हातचं आहे हे. 'कौटुंबिक. गंभीर. तातडीचे.' आणि आम्हाला म्हणे सावकाश समजावणार! अहो, व्याही म्हणून विश्वास ठेवला होता तुमच्यावर."

"तसं नाही हो ते. मला फक्त दोन माणसं कमी पडताहेत."

"म्हणून आमची सून परत नेणार?"

"नेतोय कुठे? राहू दे की तुमच्याकडेच. नुसतं आडनाव परत द्या."

हे ऐकून विहीणबाई मटकन सोफ्यावर बसल्या. बायकोने पाण्याचा पेला पुढे केला आणि नवऱ्याकडे असं बघितलं की हेडक्लार्कांनी स्वतःच एक घोट पिऊन टाकला.

"मला कळत नाही असं समजू नका," विहीणबाई जरा वेळाने म्हणाल्या. "म्हणून मी तुमच्या धाकट्या भावांनाही बोलावलंय. माझा चष्मा त्यांच्याकडचाच आहे. म्हटलं, अशा वेळी घरातलं कोणीतरी शहाणं माणूस मध्ये असावं."

हेडक्लार्क काही बोलणार तोच दार ढकलून धाकटा आत आला. काखेत पिशवी, चेहऱ्यावर काळजी. तो नऊ वर्षांनी या घरात पाऊल टाकत होता. निदान हेडक्लार्कांची तशी समजूत होती.

"या, भाऊजी," बायको म्हणाली. "चप्पल नेहमीच्या जागी ठेवा."

"नेहमीच्या?" हेडक्लार्क म्हणाले.

मुलगा मोबाइलमध्ये एकदम फार गढून गेला. हेडक्लार्क दर गुरुवारी दुपारी वाचनालयात जात, आणि दर गुरुवारी आपल्या घरी एक कप जास्त का विसळलेला असतो, याचा त्यांना आत्ता उलगडा होऊ लागला.

धाकट्याने विहीणबाईंच्या हातातून अर्ज घेतला. चष्मा कपाळावर सरकवून वाचला. शेवटच्या रकान्याशी आला आणि त्याचे खांदे हलू लागले. विहीणबाईंना वाटलं, रडतोय. त्यांनी मोठ्या आवाजात साथ दिली.

"दादा," धाकटा कसाबसा म्हणाला, "'कौटुंबिक. गंभीर. तातडीचे.' हे तू लिहिलंस?"

नऊ वर्षांतलं हे पहिलं वाक्य. हेडक्लार्कांनी या क्षणाची अनेकदा कल्पना केली होती आणि त्यासाठी दोन-तीन करारी उत्तरंही तयार ठेवली होती. त्यातलं एकही आठवलं नाही.

"रकाना रिकामा सोडता येत नाही," ते म्हणाले.

एवढ्यात मुलगी धापा टाकत आली. "सतरा मिस्ड कॉल! कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं," जावई म्हणाला. "आपला घटस्फोट आहे. मलाही आत्ताच कळलं."

मग अर्धा तास सगळे एकदम बोलले. मुलीने अर्ज वाचला, चिठ्ठी वाचली, वडिलांकडे बघितलं आणि ती जावयाच्या खांद्यावर डोकं ठेवून इतकी हसली की विहीणबाईंनी आपलं रडणं आवरतं घेतलं. नियम सात, परिशिष्ट ग, आठ सह्या, कमी पडणारे दोन, सगळं बाहेर आलं. विहीणबाईंनी डोळे पुसून चष्मा लावला आणि त्यांचं लक्ष एकदम हिशेबाकडे वळलं.

"आठ झाले ना? मग हे भाऊ आणि यांची बायको धरून दहा होतात की! एवढ्यासाठी आम्हाला घाम फोडलात?"

घरातल्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, फक्त ते मोठ्याने म्हणायला बाहेरचं माणूस लागलं.

धाकट्याने पिशवीतून एक लिफाफा काढून टेबलावर ठेवला. तेच कार्यालय, तेच बोधचिन्ह, नियम क्रमांक सात.

"मीही पाठवला होता लेख," तो म्हणाला. "एक पान. मलाही हेच उत्तर आलं. माझ्याकडे नऊ सह्या आहेत, दादा. तुझी एकटीच राहिली. दोन गुरुवार पिशवीत घेऊन येतोय, पण तू घरी नसतोस."

"मी गुरुवारी घरी नसतो म्हणूनच तू गुरुवारी येतोस!"

"ते पण आहे."

हेडक्लार्कांनी यादी उचलली. आत्याची सही होती. आत्या काहीही पुढे केलं तरी सही करायची. चुलतभावाची चारही माणसं होती. धाकटा, त्याची बायको. आणि त्याखाली, आठवी आणि नववी, त्यांच्या स्वतःच्या बायकोची आणि मुलाची.

"तू?" ते बायकोला म्हणाले. "तू 'शिडी धरली'वर सही केलीस?"

"भाऊजींनी मागितली, दिली. तुम्ही मागितली, तुम्हालाही दिली. शिडी केली का धरली, असं मला या घरात कोणी कधी विचारलं नाही. मी आडनाव लावते, शिडी नाही."

हेडक्लार्क खुर्चीत ताठ बसले. त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. बेचाळीस पानं त्यांनी उगाच लिहिली नव्हती. चौतीस वर्षं लोकांच्या नळाच्या तक्रारींवर 'पाहिले' असं लिहून झाल्यावर, आपल्या घराण्यात कधीतरी कोणीतरी एक मोठी गोष्ट स्वतःच्या हातांनी केली होती, एवढा एकच आधार त्यांना उरला होता. तो त्यांना परिशिष्टात जायला नको होता.

"मी सही करीन ती 'केली' म्हणून," ते म्हणाले.

"मी करीन ती 'धरली' म्हणून," धाकटा म्हणाला.

"पुरावा काय आहे?" विहीणबाईंनी विचारलं. त्या आता पुढे सरकून बसल्या होत्या.

पुरावा होता, किंवा असावा अशी दोघांची समजूत होती. पणजोबांची कागदपत्रांची पेटी न्हाणीघरावरच्या माळ्यावर होती. चाळीस वर्षांपूर्वी हमालांकडून ती वर ठेवून घेतली होती आणि तेव्हापासून कोणी उघडली नव्हती.

"का नाही उघडली?" विहीणबाई म्हणाल्या.

दोन्ही भाऊ जमिनीकडे बघू लागले. शिडीवाल्यांच्या घरात माळ्यावर चढणारं कोणी नव्हतं आणि शिडीही नव्हती.

शिडी वायरमनकडून आणली. सुनेने ओढणी खोचली. "बाबा, बाजूला व्हा," ती म्हणाली आणि शिडी भिंतीला टेकवली. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवायच्या आत दोन्ही भाऊ पुढे झाले. कोणी सांगितलं नव्हतं. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांनी एक पाय पुढे टाकून शिडीच्या बुडाशी अडवला, दोन्ही हातांनी दांडा धरला, खांद्याचा भार भिंतीकडे दिला आणि मान वर करून सुनेवर नजर लावली. शिडी इतकी घट्ट झाली की भिंतीचाच भाग वाटावा. हेडक्लार्कांनी आयुष्यात शिडीला हात लावला नव्हता. धाकट्यानेही नव्हता. हे कोणाकडून शिकले म्हणून विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं.

मुलीने फोन वर करून फोटो काढला. विहीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला.

वरून खडखडाट आला, मग सुनेचा आवाज. "बाबा, पेटी उघडली. आत नुसता भुसा आहे. वाळवीने सगळं संपवलंय."

"एकही कागद नाही?" धाकट्याने मान वर करून विचारलं.

"एक कोपरा आहे. त्यावर तारीख आहे आणि 'कळावे' आहे."

सून खाली आली, हात झटकले, साबण शोधायला गेली. दोन्ही भाऊ तसेच उभे होते, शिडी धरून. तिच्या दोन दांड्यांमधून हेडक्लार्कांना भावाचा चेहरा दिसत होता. केस पार पांढरे झाले होते. नऊ वर्षांत हे कधी झालं, ते त्यांनी पाहिलं नव्हतं, आणि याची त्यांना एकाएकी फार लाज वाटली.

"सोडा आता," न्हाणीघरातून सून म्हणाली. "वर कोणी नाहीये."

त्या संध्याकाळी सगळे तिथेच जेवले. जेवणानंतर धाकट्याने दादाच्या नमुन्यावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी बायकोचीही आणून दिली. दादाने धाकट्याच्या यादीत दहावी सही केली. कोण खरं, याबद्दल दोघांपैकी कोणी अवाक्षर काढलं नाही. प्रत्येकाने आपापली फाइल आपापल्या काखेत मारली. विहीणबाई निघताना म्हणाल्या की इतका चांगला घटस्फोट त्यांनी कधी बघितला नव्हता.

त्यानंतर दोन दिवस हेडक्लार्क टेबलाशी बसून होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी बेचाळीस पानांची आपली प्रत कपाटात ठेवली आणि एका कोऱ्या कागदावर नवा लेख लिहिला. तो चार ओळींचा होता. शिडीवाले म्हणजे शिडी धरणारे. वर चढणारा दुसरा असे आणि तो पडू नये हे यांचं काम असे. या कामात बसून चालत नसे आणि नजर हलवून चालत नसे. पूर्वीचा लेख रद्द समजावा. खाली दहा सह्या जोडल्या आणि धाकट्याला न सांगता पाकीट रजिस्टरने पाठवलं. भावाला हे पुस्तकातच वाचू दे, असं त्यांच्या मनात होतं. त्यांना हलकं वाटलं.

आठ महिन्यांनी कोश आला. पुठ्ठ्याचं खोकं त्यांनी चाकूने उघडलं, 'श' काढलं, बोट फिरवत खाली आले आणि बोट थांबलं. मग त्यांनी बायकोला हाक मारली.

कोशात छापलं होतं:

'शिडीवाले (१): शिडी तयार करणारे कारागीर. मनोऱ्याची एकसष्ट पायऱ्यांची शिडी या घराण्याच्या मूळ पुरुषाने केली, अशी परंपरा आहे. धारक: दहा.' माहिती देणारा म्हणून खाली धाकट्याचं नाव होतं.

'शिडीवाले (२): शिडी धरणारे. धारक: दहा.' माहिती देणारे म्हणून त्यांचं स्वतःचं नाव.

आणि त्याखाली बारीक टाइपात: 'टीप. ही दोन भिन्न घराणी असून त्यांचा परस्परांशी कोणताही संबंध असल्याचे आढळून आलेले नाही.'

बायकोने दोनदा वाचलं. "म्हणजे आत्या दोन वेगवेगळ्या घराण्यांत बिनलग्नाची राहिली," ती म्हणाली. "आणि मी एकाच वेळी दोन ठिकाणी नांदतेय."

हेडक्लार्कांनी ज्याच्यावर विश्वास नव्हता तो फोन उचलला.

"वाचलंस का?"

"वाचलं," पलीकडून धाकटा म्हणाला. "आपण कोण बोलताय?"

"'केली' म्हणून का लिहिलंस?"

"तुझी बेचाळीस पानं वहिनींनी मला वाचायला दिली होती. चांगली होती रे, दादा."

"खोटी होती."

"खोटी होती, पण फार चांगली होती. एकसष्टावी पायरी बसवतात तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आणि तू 'धरली' म्हणून कशाला लिहिलंस?"

हेडक्लार्कांनी कोश मिटला. "चूक दुरुस्तीचं पत्र पाठवायला हवं त्यांना," ते म्हणाले.

"पाठव की. मग दोन घराण्यांचं एक करतील आणि विसाचे दहा."

हेडक्लार्कांनी विचार केला. शंभर वर्षांत शिडीवाल्यांची संख्या पहिल्यांदाच वाढली होती, आणि तीही एकदम दुप्पट.

"राहू दे," ते म्हणाले. "ते असू दे. तू रात्री जेवायला ये."

"अनोळखी माणसाच्या घरी?"

"हो."

"आलोच," धाकटा म्हणाला. "बायकोलाही आणतो. तीही तुमची कोणी लागत नाही."